गणपतीआधी चाकं रंगवू नकोस

मॉन्ट्रियल
१८ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चाकांचे फोटो मिळाले. गणपतीला पाहुणे यायच्या आत गाडीची चारही ॲल्युमिनियमची मॅगव्हील रंगवून टाकायचा बेत आहे म्हणतोस, तो आधी मोडून टाक. भाद्रपदात रत्नागिरीच्या हवेत जेवढा ओलावा असतो, त्यात स्प्रेचा रंग दुधाळ पडतो. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं हवेतलं बाष्प ओल्या रंगावर जमतं. क्लिअर कोटमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक लाखेत, हा पांढरा ढग अडकला की पॉलिशने जात नाही, बहुधा पुन्हा घासावंच लागतं. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस धर. सकाळचं दंव उडाल्यावर दहा ते तीन, सावलीत, वारा पडलेला असताना. इथे उलटी अडचण: ऑक्टोबरात पारा १० अंशांखाली यायला लागतो आणि रंग धड सुकत नाही, म्हणून लोक ही कामं उन्हाळ्यातच उरकतात. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात, त्यामुळे बऱ्याच जणांकडे चाकांचे दोन संच असतात. एक गाडीला, दुसरा रंगवायला मोकळा. तुझ्याकडे स्टेपनी एकच. म्हणजे चार चाकं, चार रविवार. स्टेपनी बारीक असेल तर ती मागे लाव. पुढचं चाक रंगवायचं असेल तर मागचं चाक पुढे घे. स्टेपनीवर वेगाची मर्यादा छापलेली असते, ती पाळ. गाडी जॅकवर आठवडाभर टांगून ठेवायची नाही.

आता फोटोंबद्दल. क्लिअर कोटखाली पांढरे किडे वळवळल्यासारख्या रेषा दिसतात, तो ॲल्युमिनियमचा गंज. ॲल्युमिनियम गंजत नाही हे अर्धंच खरं. कुठे तरी खडा लागून लाखेला टोचा पडतो, तिथून खारं पाणी आत शिरतं आणि लाखेच्या खालून सरपटत जातं. इथे हे काम रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि बारीक खडी करते, तुमच्याकडे समुद्राचा वारा. तुझी चाकं डायमंड कट आहेत, म्हणजे पुढचा भाग लेथवर उघडा कातलेला आणि त्यावर नुसती क्लिअर. अशा चाकांना हा रोग सगळ्यात लवकर लागतो. ती चकाकी घरी परत आणता येत नाही, त्याला लेथच लागतो, आणि प्रत्येक कातणीला धातू पातळ होतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चाक सगळंच्या सगळं एका रंगात रंगव. सिल्व्हर किंवा गडद करडा. काळा नको, आपल्याकडच्या लाल धुळीत तो दिवसभरही काळा राहणार नाही.

मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेला मला एक बारीक रेघ दिसते. चाक धुऊन भिंगाखाली बघ. चीर असेल तर ते चाक रंगवायचं नाही, बदलायचं. वाकलेल्या चाकाचंही तेच: रंगाने वाक झाकला जाईल, स्टिअरिंगची थरथर तशीच राहील.

टायर काढून घे. पत्त्यांचा जुना कॅट घेऊन हवा सोडलेल्या टायरच्या आणि रिमच्या फटीत पत्ते उभे खोचत गेलं तर टायर न काढताही रंगवता येतं, आणि नुसता किरकोळ ओरखडा असता तर मी तेच सांगितलं असतं. पत्त्यांच्या कडा एकमेकींवर चढवत गेलं की एका कॅटात एक चाक आरामात बसतं. पण तुझ्या चाकात रोज थोडी हवा उतरते म्हणतोस. त्याचं कारण बहुतेक टायर जिथे रिमला टेकतो त्या कडेवरची पांढरी पूड. ती टायर काढल्याशिवाय साफ होणार नाही. पंक्चरवाल्याकडे टायर काढताना व्हॉल्व्हही नवा घालायचा हे सांगून ठेव.

सामान एकदमच आण, आणि रंगाचे सगळे डबे एकाच बॅच नंबरचे बघून घे. महिनाभर चालणारं काम आहे. दुसऱ्या बॅचची सिल्व्हर शेजारी ठेवली की फरक कळतो. पंधरा इंची चार चाकांना ४०० मिलीचे प्रायमरचे दोन, रंगाचे चार आणि क्लिअरचे चार डबे धर. वॉटर पेपर १२०, २४०, ४०० आणि ६०० नंबरचे, हिरवी घासणी, मास्किंग टेप, ग्रीस काढायचं सॉल्व्हंट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि खाचा भरायला गाडीची दोन भागांची लांबी (पुट्टी). भिंतीची पुट्टी नव्हे.

खरा घोळ इथून पुढे, धुण्यात होतो. सगळ्यांना घासायची घाई असते. टायर पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, ते रिमवरही उडालेलं असतं. न धुता पेपर मारला की ते सिलिकॉन ओरखड्यांत दाबलं जातं आणि नंतर रंग टाकताच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, रंग तिथून मागे सरतो. त्या वेळी कितीही जाड हात मार, खड्डा भरत नाही. म्हणून आधी भांडी घासायच्या साबणाने दोनदा धू, मग ब्रेकच्या काळ्या भुकटीवर आयर्न रिमूव्हर मार. तो जांभळा होऊन ओघळतो, म्हणजे लोखंडाचे कण सुटतात. मग सॉल्व्हंट: एक चिंधी ओली, दुसरी कोरडी. ओलीने पुसायचं आणि ते उडायच्या आत कोरडीने उचलायचं, नाहीतर मेण नुसतं इकडचं तिकडे होतं. फरशीचं ॲसिड आणि कॉस्टिक सोडा चाकाच्या जवळ आणू नकोस. दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

घट्ट बसलेला जुना रंग सगळा उतरवायची गरज नाही. जिथे किडे आहेत तिथे मात्र १२० नंबरने चकचकीत धातू लागेपर्यंत घास, आणि पांढऱ्या रेषेच्या पुढे बोटभर जा, कारण गंज दिसतो त्यापेक्षा पुढे पोचलेला असतो. मग २४० ने जुन्या रंगाची कड इतकी उतरती कर की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. फुटपाथला घासून पडलेल्या खाचा आधी पेपरनेच जेवढ्या जातील तेवढ्या घालव. उरलेल्यात लांबी, २-३ मिलीमीटरपेक्षा जाड नाही. हार्डनर साधारण दोन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा. तुमच्या उकाड्यात ती दहा-पंधरा मिनिटांत आवळते, तेव्हा थोडी थोडीच कालव. टायर बसतो त्या कडेवर लांबी अजिबात नको. ती निघून आली की तिथूनच हवा जाणार. ती कड नुसती घासणीने साफ कर.

रंग कुठे लावायचा हे कुणीही सांगेल, कुठे लावायचा नाही हे जास्त महत्त्वाचं. चाकाची मागची बाजू जिथे हबला (गाडीच्या चाक धरणाऱ्या भागाला) टेकते ती सपाट चकती, मधलं भोक, आणि नट बसतात त्या निमुळत्या खोबण्या या तिन्ही जागा टेपने झाक. खोबण्यांत कागदाची घट्ट गुंडाळलेली सुरळी खोच. इथे रंगाचा थर राहिला तर नट आवळल्यावर तो चिरडतो, थर पातळ होतो आणि नट आपोआप सैल पडतात. चकाचक चाक आणि ढिले नट, असा प्रकार नको. चिकटवलेली जुनी वजनं काढून टाक, त्यांचा गोंद सॉल्व्हंटने घालव. बॅलन्सिंग नाहीतरी नव्याने करावंच लागेल.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडची पातळ कातडी धरते आणि साधा प्रायमर त्यावरून पोपडे होऊन निघतो. त्यासाठी एच (etch) प्रायमर घे. त्यात सौम्य आम्ल असतं, ते धातूला धरून ठेवतं. एकच पातळ हात, घासल्याच्या दिवशीच. लांबी त्याच्याआधी झालेली हवी. आम्लावर लांबी नीट आवळत नाही. लांबी भरलेल्या जागेवर एच प्रायमरही नुसता शिवल्यासारखा, बाकीचं काम साध्या फिलर प्रायमरचं. त्याचे दोन हात, सुकल्यावर ६०० च्या पेपरने पाणी लावून घास. पेपर खाली धातूपर्यंत गेला तर तिथे पुन्हा एच.

डबा आतली गोळी खडखडायला लागल्यापासून दोन मिनिटं हलव. चाक उलट्या बादलीवर ठेव म्हणजे फिरवता येईल. नोझल २० ते २५ सेंटीमीटर लांब, हात सरळ रेषेत, दाबायला सुरुवात चाकाच्या बाहेर आणि सोडायचंही बाहेर. प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. आधी काड्यांच्या आतल्या बाजू, शेवटी तोंड. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. माणूस इथेच फसतो, एका हातात झाकायला जातो आणि ओघळ येतात. दहा ते पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा, आणि दर हाताला चाक पाव फेरी फिरव. सिल्व्हरचा शेवटचा हात ३० सेंटीमीटरवरून भुरभुरता दे, नाहीतर चकाकीचे ढग ढग दिसतात. ओघळ आलाच तर ओल्यावर बोट लावू नको. दुसऱ्या दिवशी ६०० ने घासून तेवढ्यावर पुन्हा मार. रंग हाताला वाळूसारखा खरखरीत लागला तर तो हवेतच सुकून पडतोय: एक तर लांबून मारतोयस किंवा ऊन फार आहे.

दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो वाच. काही डब्यांवर ‘एका तासाच्या आत किंवा दोन दिवसांनंतर’ असं असतं. मधल्या वेळेत मारलं तर वरचं थिनर खालच्या अर्धवट सुकलेल्या थराला फुगवतं आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच कंपनीचं घे, हा प्रश्नच कमी होतो.

क्लिअरचे दोन प्रकार. साधी वन-के क्लिअर ब्रेक ऑइलचा थेंब पडला तरी मऊ पडते. टू-के, म्हणजे हार्डनरवाली, काचेसारखी टिकते, पण तिच्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना वाईट. कापडी मास्कने ते अडत नाही. तुझा दम्याचा त्रास बघता ती तू मारायची नाहीस. प्रायमर आणि रंगालासुद्धा अंगणात, कार्बन कार्ट्रिजचा मास्क लावून. माझं ऐकशील तर रंगापर्यंत सगळं तू कर, आणि क्लिअर एखाद्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून बूथमध्ये गनने मारून घे. घासायची मजुरी वाचतेच, वर टिकाऊ क्लिअर मिळते. मग वन-केचे डबे घ्यायची गरज नाही. फक्त रंग त्याच्या क्लिअरखाली चालतो का, हे डबे घेण्याआधी त्यालाच विचार.

टायर चढवायला सात दिवस जाऊ देत. पंक्चरवाल्याला लोखंडी पट्टीने टायर चढवू देऊ नकोस. मशीन असलेल्या दुकानात जा, आणि मशीनच्या चिमट्यावर प्लास्टिकची टोपी आहे का बघ. महिनाभर नुसतं पाणी आणि साबण.

आईला नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं अंगणात महिनाभर बादली उलटी राहील, आधीच माफी.

तुझा,
सुहास

ता. क. नट चांदणीच्या क्रमाने आवळ, समोरासमोरचे. पान्ह्यावर उभा राहू नकोस. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असेल. टॉर्कचा पान्हा एखाद्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आण. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपास.