परवा म्हणजे किती दिवस?

मामा, सा. न. वि. वि.

तोंडी परीक्षा गेल्या महिन्यात झाली. नावापुढे डॉक्टर लागायला आता फक्त कागद यायचा बाकी आहे. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराची दोन पानं आहेत, त्यात तुम्हीही आहात. पण ती पानं इंग्रजीत आहेत आणि तिथे तुमचं झालंय ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे बहुमोल सहकार्य’. हे तुम्हाला वाचून दाखवायची वेळ आली असती तर मलाच लाज वाटली असती. म्हणून हे पत्र मराठीत, आणि चारचौघांत. नाव घालत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, लोक म्हणतील मामा पेपरात आला. गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात कोण मामा ते ज्याला कळायचं त्याला कळेल.

पहिल्यांदा भेटले तेव्हा मी सांगितलं होतं, जैवसांख्यिकीत पीएचडी करतेय. तुम्ही विचारलंत, "म्हणजे डॉक्टर होणार, पण गोळी देणार नाहीस?" हो म्हटलं. "मग बसून काय करणार?" "मोजणार." तुम्ही हसलात आणि म्हणालात, आमचंही तेच, फक्त उभ्याने.

माझा विषय माकडताप. 1957 साली शिमोग्याजवळ क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि माणसंही तापली, तेव्हा तो ओळखला गेला. आपल्याकडे तो 2015 मध्ये सत्तरीतल्या पालीत आला. रानातली गोचीड चावते आणि ताप येतो, आणि गोचिडीचा हंगाम नेमका आपल्या काजूच्या हंगामावरच येतो. बोंडू झाडावरून तोडायचे नसतात, पाचोळ्यात पडलेले वेचायचे असतात. गोचीडही त्या पाचोळ्यातच. हे सत्तरीतल्या कुणाला सांगायला नको, पण पुण्यातल्या मैत्रिणींना दरवेळी सुरुवातीपासून सांगावं लागतं.

गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत किती दिवस जातात, हा माझ्या प्रबंधाचा गाभा. पुस्तकात तीन ते आठ असं असतं. मला त्या तीन ते आठच्या आतलं हवं होतं: किती जणांना तिसऱ्या दिवशी, किती जणांना सातव्या, आणि किती खात्रीने तसं म्हणता येतं. (माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "गोव्याची ना? मग कोसंबी माहीत असतील." मला वाटलं इतिहासाबद्दल म्हणतायत. कोसबेनला जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी 1944 साली आनुवंशिकीसाठी एक सूत्र दिलं, गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं. ते आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.)

तर हे दिवस मोजायला हवे होते माकडतापाच्या रुग्णांचे जुने फॉर्म. एका कार्यालयात तीन महिने ‘साहेब नाहीत’ ऐकल्यावर परवानगी मिळाली आणि नावं काढलेले दोन गठ्ठे हाती आले. प्रत्येकावर दोन प्रश्न: ताप किती दिवसांपासून, आणि गोचीड चावली असल्यास कधी. मी रात्री जागून ते सगळं एक्सेलमध्ये भरलं. ‘परवा’ दिसलं की 2, ‘आठ दिवस झाले’ दिसलं की 8, ‘पंधरा दिवस’ दिसलं की 15. मग एका रकान्यातून दुसरा वजा केला.

काही उत्तरं उणे आली. ताप पाच दिवसांपासून, गोचीड परवा. म्हणजे माणूस आधी आजारी पडला आणि तीन दिवसांनी त्याला गोचीड चावली. मी त्या ओळी चुकीच्या म्हणून सरळ काढून टाकल्या. उरलेल्या आकड्यांचा आलेख काढला तर आठवर एक सुळका आणि पंधरावर दुसरा. माकडतापात काही रुग्णांना मधे बरं वाटतं आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप चढतो. मी पंधराचा सुळका त्या दुसऱ्या तापाशी जोडला आणि त्यावर सहा पानं लिहिली. आकृत्यांसकट. सरांनी ती वाचली आणि एवढंच म्हणाले, "फॉर्म भरणाऱ्या कुणाला तरी भेटून ये."

फॉर्म भरणारे तुम्ही. कदंबाच्या बसने येऊन वाळपईला उतरून तुमच्याकडे आले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मामींनी नीरो, म्हणजे बोंडूंचा ताजा रस, दिला होता. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बाय, आठ दिवस म्हणजे आठवडा गो. बाजारापासून बाजारापर्यंत. आणि पंधरा दिवस म्हणजे दोन बाजार."

मामा, मी जन्मभर ‘आठ दिवसांनी येते’ म्हणत आलेय, आणि सातव्या दिवशी दारात उभी राहिलेय. पण एक्सेलच्या चौकटीत शिरल्याबरोबर माझ्याच भाषेतला आठवडा मला आठ दिसायला लागला. तीन ते आठ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात एक दिवस चुकला तर बरंच काही चुकतं. माझी सहा पानं त्या नीरोच्या ग्लासाशेजारीच बुडाली.

मग मी उणे आलेल्या ओळी उघडून दाखवल्या. तुम्ही विचारलंत, "‘परवा’ कोण म्हणालं? बाई असेल." खरंच, बहुतेक बायकाच होत्या. "रोज काजूत जाते ती तारीख कुठली सांगणार? परवा म्हणजे मागे कधीतरी." ‘परवाच तर लग्न झालं तिचं’ असं आपण वर्षभरापूर्वीच्या लग्नाबद्दलही म्हणतो, तसं. म्हणजे ज्या ओळी मी चूक म्हणून टाकल्या, त्या सगळ्यात जास्त पाचोळ्यात बसणाऱ्या बायकांच्या होत्या. ज्यांच्यासाठी हे सगळं मोजायचं, त्यांनाच मी गठ्ठ्यातून बाहेर काढलं होतं.

तुम्ही मला मागच्या बागेत नेलंत. जुन्या धोतराचं पांढरं फडकं काठीला बांधलेलं होतं, ते पाचोळ्यावरून सावकाश ओढलंत आणि उलटं करून माझ्यापुढे धरलंत. आधी मला काहीच दिसलं नाही. मग तिळापेक्षा बारीक ठिपके चालायला लागले. "आता सांग, हे चावलेलं कोणाला कळणार?" मी फडक्याकडे बघत उभी राहिले. तीन वर्षं ज्या तारखेच्या मागे होते, ती कुणाकडेच नव्हती.

आणि मग तुमची ती वही. डाव्या बाजूचा नावांचा रकाना तुम्ही आधी घडी घातलेल्या वर्तमानपत्राने झाकलात, मगच वही माझ्याकडे सरकवलीत. विद्यापीठाच्या नैतिकता समितीने मला याच गोष्टीवर चौदा पानांचा अर्ज भरायला लावला होता. वहीत कुठेही ‘किती दिवस’ नव्हतं. तुम्ही तसं विचारतच नव्हता. तुम्ही विचारायचात, धुळवडीला रानात गेली होतीस? बाजाराच्या दिवशी अंग दुखत होतं? घोडेमोडणीचा नाच बघायला उभं राहवलं? आणि लिहायचात: ‘धुळवड ते बाजार’. दोन टोकं, आणि मधे काय झालं ते कुणाला माहीत नाही, हे कबूल करून सोडलेली जागा.

मामा, याला आमच्यात नाव आहे. अंतरालात अडकलेली माहिती म्हणतात: घटना या दोन दिवसांच्या मधे घडली एवढंच ठाऊक. अशी माहिती कशी हाताळायची ते टर्नबुल नावाच्या माणसाने 1976 साली दाखवून दिलं. कापलान आणि मायर यांनी 1958 मध्ये जो आलेख दिला, घटना अजून न घडलेले किती जण उरले ते दाखवत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा, त्याचाच हा भाऊ. माझ्याकडे रीत होती, त्या रीतीला लागणारी माहिती नव्हती. तुमच्याकडे माहिती दोन टोकांसकट तयार होती, आणि ती तुम्ही ठेवत होतात कुठल्या बागेत आधी सावध राहा म्हणून सांगायला जायचं ते कळावं म्हणून.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं दीड वर्ष नुसतं कष्टाचं होतं. तुमच्या पद्धतीने नवे फॉर्म केले, सणवारांचं आणि बाजारांचं कॅलेंडर सोबत जोडलं. जुने फॉर्मही टाकले नाहीत. ‘आठ दिवस’ला एक आकडा न देता एक पट्टा दिला, ‘परवा’ला त्याहून रुंद. काढून टाकलेल्या ओळी परत आणल्या. मग कळलं की हा घोळ आपल्याच भाषेचा नाही. 1990 मध्ये हाइटजान आणि रुबिन यांनी टांझानियातल्या मुलांच्या वयांवर असंच काम केलं होतं. तिथे आया मुलाचं वय सहा महिने, एक वर्ष, दीड वर्ष असंच सांगायच्या, सात किंवा तेरा महिने क्वचितच. तो लेख वाचताना मला तुमचा चष्मा वर करून बघणारा चेहरा आठवत होता.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ही सणांच्या कॅलेंडरची कल्पना कुठल्या लेखातून घेतली. मी म्हटलं, लेखातून नाही, वाळपईच्या एका वहीतून. त्यांनी संदर्भ कसा द्यायचा याची चर्चा पाच मिनिटं केली आणि शेवटी सोडून दिली.

तुमची वही मी परत केली तेव्हा तिच्या पुठ्ठ्यावर माझ्या चहाचा डाग होता. तुम्ही काही बोलला नाहीत, मी पण नाही. आज सांगते, तो माझाच. नवी वही घेतली आहे, लांब, जाड पुठ्ठ्याची, डाव्या बाजूला रुंद रकाना असलेली. प्रबंधाची एक प्रतही आणते. तिसरं प्रकरण तुमचं, तेवढं मी बसून मराठीत सांगेन.

मामींना सांगा, हुर्राक (काजूची दारू) नको, नीरोच ठेवा. कधी येणार म्हणून विचाराल, तर धुळवड ते पाडवा. वहीत तसंच लिहून ठेवा.

तुमची,
बाय