आठवड्याची गोळी रोज घेतली तर

महोदय,

गेल्या महिन्यात आईने जेवण टाकलं. वय ७४. आधी तोंडाला चव नाही, मग मळमळ, बद्धकोष्ठता, रात्रभर पाण्याचा तांब्या उशाशी. एकदा मलाच विचारलं, ‘‘कुठल्या गाडीने आलास?’’ मी तिच्याच घरात राहतो. आम्ही म्हटलं, वय झालं. रक्त तपासलं तर कॅल्शियम भरमसाट वाढलेलं, मूत्रपिंडाचं काम कळतं ते क्रिएटिनिनही वर.

डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या, तेव्हा आम्ही बीपीची आणि थायरॉइडची सांगितली. ‘ताकदीच्या’ कोण मोजतो? घरी येऊन तिचा औषधांचा डबा पालथा केला, तर डी-थ्रीच्या, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या, ६०,००० युनिटच्या कॅप्सूलची रिकामी पाकिटं निघाली. आठवड्याला एक, आठच आठवडे, असं चिठ्ठीवर होतं. आई दोन महिने रोज घेत होती, कारण डब्यातल्या बाकी सगळ्या रोजच्याच! आणि रिकामं पाकीट दाखवून नवं आणून देणारा मीच. दुकानात कुणी चिठ्ठी मागितली नाही, मीही दाखवली नाही.

‘आयसीएमआर’ने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) प्रौढांसाठी ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. म्हणजे ही एक कॅप्सूल शंभर दिवसांचा शिधा. ब किंवा क जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ड चरबीत साठून राहतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवत नेतं आणि मूत्रपिंडाला त्रास देतं. त्यामुळे गोळी बंद केली तरी उतरायला आठवडे लागतात.

दुसरी चूकही त्याच डब्यात सापडली. सकाळी थायरॉइडची गोळी आणि तिच्याबरोबरच कॅल्शियमची. कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) का हलत नाही म्हणून आम्ही डोस वाढवून घेतला होता!

पाकिटावर सगळं छापलेलं असतं, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. अन्न व औषध प्रशासनाने आठवड्याच्या गोळ्यांवर ‘आठवड्यातून एकदाच’ हे मराठीत, ठळक छापण्यासाठी पाठपुरावा करावा. तोवर मेडिकलवाल्यांनी पाकिटावर जाड पेनाने ‘फक्त रविवारी’ एवढं लिहून दिलं तरी चालेल.

— एक वाचक, सातारा