डोळ्यांत थेंब घातलेल्या माणसाला घरी कोण नेणार?

नाशिकरोड परिसरातील सर्व सभासद, त्यांची मुलं-सुना, लेकी-जावई आणि शेजारीपाजारी यांना ज्येष्ठ नागरिक संघाचा नमस्कार.

जेलरोड, उपनगर, देवळाली गाव या भागांत नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी घरोघरी आहेत. नोटेवरची बारीकशी चूक नजरेने टिपण्यात काहींची हयात गेली. यातल्या बऱ्याच जणांना आता मधुमेह आहे. गोळी चुकत नाही, चहा बिनसाखरेचा, सकाळचं फिरणं चालू. डोळ्यांचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मागच्या वर्षीच नंबर काढला की!"

पण चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि डोळ्याच्या मागचा पडदा तपासणं वेगळं. वाढलेली साखर वर्षानुवर्षं या पडद्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत राहते. त्या झिरपू लागतात, काही बंद पडतात. रक्त पोचेनासं झालं की पडदा नव्या वाहिन्या फोडतो, त्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरतं. कधी पडदाच सुटतो. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल चढं असेल तर हे आणखी लवकर होतं. आणि सुरुवातीला यातलं काही म्हणजे काही जाणवत नाही! पेपर वाचता येतो, बसचा नंबर दिसतो. दिसायचं कमी होतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. लेसर, डोळ्यातली इंजेक्शनं, शस्त्रक्रिया हे सगळं मुख्यतः उरलेली नजर राखण्यासाठी आहे. गेलेली पूर्ण परत येईल याची हमी नाही.

भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेहींत साधारण आठांमागे एकाच्या पडद्यावर त्याची खूण सापडते, असं देशपातळीवरच्या पाहणीत दिसलं आहे. म्हणून नियम सोपा आहे. प्रौढ वयातला नेहमीचा मधुमेह (टाइप २) निघाला की लगेच एकदा पडदा तपासायचा आणि पुढे साधारण दर वर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा. तक्रार नसली तरी.

मग लोक जात का नाहीत? पैशाचा प्रश्न आहेच, पण आमच्या अनुभवात मोठा अडसर दुसराच. बाहुली मोठी करायला थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही, गाडी चालवता येत नाही. सोबत माणूस लागतो. मुलगा पुण्याला, मुलगी हिंजवडीत, घरात दोघंच आणि त्यातल्या एकाचे गुडघे गेलेले. तपासणी पुढच्या महिन्यावर जाते, मग दिवाळीनंतरवर. इंजेक्शनं सुरू झाली तर सुरुवातीला बहुधा महिन्या-महिन्याला जावं लागतं. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर पेशंट गळतो. उपचार अर्धवट राहिले की आधीचा खर्चही वाया.

१४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनाला, गल्लोगल्ली शुगर तपासणीची शिबिरं होतात. आम्हीही केली, फोटो छान आले. त्यात पडदा मात्र कुणी पाहिला नाही. यंदा मांडव आणि फुलांचा खर्च करायचा नाही, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे.

आम्हाला दोन गोष्टी हव्यात. पहिली, पडद्याचा फोटो काढणारा हातात धरायचा कॅमेरा. त्याने बऱ्याच जणांचे फोटो थेंब न घालताही निघतात. ते नेत्रतज्ज्ञ बघतील आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच पुढच्या तपासणीला पाठवतील. मोतीबिंदूमुळे फोटो नीट आला नाही, तर त्यांनाही थेंब घालूनच तपासावं लागेल. कॅमेऱ्याची किंमत लाखांत आहे, पण ५० रुपयेसुद्धा चालतील. देणगी चेकने किंवा यूपीआयने संघाच्या नावे द्यावी आणि पावती मागून घ्यावी. घरी येऊन कुणी रोख मागितली तर देऊ नये, आम्ही तसं कुणालाही पाठवलेलं नाही. आयकराच्या ८०-जी कलमाची सवलत संघाला नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबत, आणि खरं तर तीच आधी हवी. महिन्यातून एक सकाळ मोकळी असलेली कॉलेजची मुलं, शिफ्ट बदलून मिळणारे कामगार, रिक्षावाले दादा, घरची कामं उरकून निघू शकणाऱ्या ताई-वहिनी, कुणीही. पेशंटला दवाखान्यात न्यायचं, थांबायचं, घराच्या दारापर्यंत आणून सोडायचं, पुढची तारीख कॅलेंडरवर लिहायची. रिक्षाभाडं संघ देईल.

काही सभासद म्हणतात, आम्ही नेत्रदानाचा फॉर्म भरला, तेवढं पुरे नाही का? नेत्रदान जरूर करा. पण त्यातून बदलता येतो तो डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग. मागचा पडदा बदलता येत नाही.

सोबतीसाठी नाव, मोबाईल नंबर आणि कोणता वार जमेल ते कार्यालयातल्या वहीत लिहावं. कार्यालय रोज संध्याकाळी उघडं असतं. ज्यांना तपासणी करून घ्यायची आहे त्यांनीही तिथेच नाव द्यावं. येताना मधुमेहाची फाईल, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणावा. अचानक काळे ठिपके तरंगताना दिसले, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं झालं किंवा एका डोळ्याने एकदम कमी दिसू लागलं, तर आमच्या यादीची वाट पाहू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं.

आपली,
संघाची कार्यकारिणी, नाशिकरोड