आजींच्या पंगतीसाठी मूठभर बाजरी: आवाहन

मंडळाच्या आजी-माजी सभासद, वाड्यातली जुनी बिऱ्हाडं आणि पंचवटीतले समस्त शेजारी यांना राम कृष्ण हरी.

हे पत्र दसऱ्यालाच निघायचं होतं. लेकीची परीक्षा आणि मंडळाचा हिशेब एकाच आठवड्यात आले, त्यात राहून गेलं. चूक माझी. आता कार्तिकी तोंडावर आली, म्हणून कामाचं आधी सांगते. यंदाची पौषवारीची, म्हणजे त्र्यंबकेश्वरी चालत जाणाऱ्या वारकऱ्यांची पंगत आजींशिवायची पहिली पंगत आहे, आणि ती झाली पाहिजे.

आजी गेल्या चैत्रात गेल्या. रामरथाच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला. आदल्या संध्याकाळी रथाचा गजर खिडकीतून ऐकला, पडल्या पडल्या हात जोडले, आणि थोरल्या सुनेला विचारलं, "उद्या पारण्याला काय करतेस?" त्यांचं देवाचं आणि चुलीचं कधी वेगळं नव्हतंच. पहाटे काळारामाची काकड आरती, परत येताना भाजी, संध्याकाळी हरिपाठ, आणि मधल्या वेळात नऊ माणसांचा स्वयंपाक. आजोबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. एका पगारात दोन दिरांची शिक्षणं, नणंदेचं लग्न आणि चार मुलं झाली. तरी रोज तवा ठेवण्याआधी मूठभर बाजरी कोनाड्यातल्या डब्यात जायची. ती मूठ वारीची. घरात पीठ कमी पडलं म्हणून त्या डब्याला हात लागला, असं त्यांच्या सासूच्या काळापासून झालेलं नाही.

नवीन सभासदांसाठी थोडक्यात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. ज्ञानदेवांचे थोरले बंधू आणि गुरू, त्यांची समाधी तिथं आहे. निफाड, येवला, वैजापूर, संगमनेर अशा भागांतून दिंड्या चालत येतात. त्यांतल्या काही नवमीला आपल्या भागात मुक्काम करतात आणि पहाटे पुढचे अठ्ठावीसेक किलोमीटर चालायला निघतात. थंडी तर अशी की पाण्यात हात घालवत नाही. त्या रात्री गरम बाजरीची भाकरी, चिंचगुळाची आमटी आणि कांदा, एवढीच आपली पंगत. गोड नसतं. "पोट भरलेलं माणूस चालतं, जड झालेलं बसतं," असं आजी म्हणायच्या.

मधलं पितळी पातेलं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. १९६९ च्या पुरात पाणी वाड्यात शिरलं तेव्हा आजींनी आणि त्यांच्या सासूबाईंनी दोन्हीकडून धरून तेच माडीवर नेलं होतं, आणि आत थोरल्याला बसवलं होतं. आजोबा म्हणे नंतर कित्येक वर्षं विचारायचे, "तू पोर वाचवलंस की पातेलं?" ते थोरले आता साठीला टेकलेत आणि पंगतीत पाणी वाढतात. पातेल्याच्या काठावर ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, ते घासून घासून गेलं. आता बोट फिरवलं तर शेवटचा 'वारीसाठी' एवढाच शब्द लागतो.

या पंगतीवर किती जणांचे हात आहेत! तांबट आळीतले काका आयुष्यभर कल्हईचे पैसे घेत नव्हते. "कथलाचे द्या, हाताचे नकोत," म्हणायचे. भाता, निखारे, नवसागराचा तो पांढरा धूर, आणि कापडाच्या बोळ्यानं एका फेऱ्यात आरशासारखं चमकणारं पातेलं. आम्ही सुना ते बघायला काम टाकून उभ्या राहायचो. गिरणीवाले दादा नवमीच्या सकाळी इतर दळणं बाजूला ठेवून आपली बाजरी घेतात, आजही. मास्तरांनी स्वतःची बाजाची पेटी मंडळाला दिली ती दिलीच. सराफातल्या वहिनींनी दोन वर्षं तूरडाळ दिली, आणि पावतीवर नाव घालू दिलं नाही. भाजी बाजारातल्या मावशी कांद्याचं पोतं रिक्षात टाकून पाठवतात आणि रिक्षावाला भाऊ भाडं घेत नाही, त्यामुळे नक्की कुणाचे आभार मानायचे ते आम्हाला कळत नाही. कोरोनात दिंड्या आल्या नाहीत, तेव्हाही मुठीचं धान्य थांबलं नव्हतं. ते गल्लीतल्याच अडलेल्या घरांत गेलं. कुठं गेलं ते आजींनी आम्हालासुद्धा पुरतं सांगितलं नाही.

आता गेल्या वर्षीचं. लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिते. वाडा उतरवलेला, आजी अंथरुणाला खिळलेल्या, तांबटकाका आधीच्याच वर्षी गेलेले. मंडळाच्या ग्रुपवर पंगतीचा निरोप टाकला. जोडलेले हात बेचाळीस आले. भाकरी थापायला आल्या चौघी. सातशे भाकरी, एका बाईच्या तासाला फार तर वीस-पंचवीस होतात, हिशेब तुम्हीच करा. रात्री साडेअकराला शेवटची दिंडी जेवली. एका गृहस्थांनी कबूल केलेली रक्कम दिली नाही, कारण फ्लेक्सवर फोटो नव्हता. फ्लेक्सच नव्हता हो! आपण कधी लावला?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्या पातेल्यातली आमटी कळकली. कल्हई उडाली होती आणि घाईत कुणी आत पाहिलं नाही. चिंचेनं काम केलं. हिरवट झाक आली, जिभेला तो तुरट चरका. शंभर माणसांची आमटी ओतून दिली आणि त्या शंभरांना भाकरीबरोबर तेल-तिखट वाढलं. वारकरी बिचारे "माउली, उत्तम!" म्हणून उठले. दुसऱ्या पातेल्यातली वाटीभर घेऊन मी आजींकडे गेले आणि सगळं छान झालं म्हणून सांगितलं. त्यांनी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही छान आहे गं. पण तुझ्या पदराला कळकल्याचा वास येतोय. मोठ्याची कल्हई गेली ना?"

त्यांनी आमच्याकडून दुसरं काही मागून घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, पुढच्या खेपेला आधी कल्हई.

तर मागणं असं. कार्तिकी एकादशीपासून पौष वद्य नवमीपर्यंत साधारण ७२ दिवस होतात. माझ्या मुठीत ४५ ग्रॅम बाजरी मावते (काट्यावर घालून बघितली). म्हणजे एका घराची सव्वातीन किलो होते, आणि २५ घरांनी मूठ धरली की लागणारी ८० किलो पुरी. फक्त धान्यच द्या, पीठ नको, बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडू होतं. मूठ चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन टाका, पण शेवटच्या दिवशी दुकानातून पिशवी आणून देऊ नका. तशी दिली तर घेऊच, पण ती मूठ नव्हे.

रोख रकमेचा अंदाज २८ हजार: तिन्ही पातेल्यांची कल्हई, डाळ, गूळ, चिंच, तेल, गॅस, पत्रावळी. शिल्लक ६ हजार ३४०. उरलेले जमवायचे आहेत. शंभरापासून पुढं कितीही. पावती मिळेल, नाव वहीत राहील, भांड्यावर किंवा भिंतीवर नाही. आजींच्या नातवाची आजींच्या नावाची पाटी करायची फार इच्छा होती. घरातल्यांनीच त्याची समजूत घातली. पैसे खजिनदारांकडे किंवा मंगळवारी हरिपाठानंतर दानपेटीत. खात्याचा तपशील देवळातल्या फलकावर आहे. धान्य गिरणीत द्यायचं, नवमीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. स्वयंपाक मागच्या गल्लीतल्या कार्यालयाच्या परसात, मालकांनी जागा विनामूल्य दिलीय. थापणाऱ्यांनी दुपारी दोनला यावं, किमान बारा जणी हव्यात, परात आणि पोळपाट आपापला, नाव मार्गशीर्षात सांगावं. पुरुषमंडळींनी वाढायला आणि, फोटो काढून झाले की, पातेली घासायला थांबावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सचिव

ता. क. मधल्या पातेल्याचं झाकण गेल्या वर्षीपासून कुणाच्या तरी घरी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी न बोलता देवळाच्या ओवरीत आणून ठेवावं. कुणी काही विचारणार नाही.