सोरायसिसच्या रुग्णाची नखे बघायला नर्सना शिकवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दर ऑक्टोबरात १२ तारखेला जागतिक संधिवात दिन आणि २९ तारखेला जागतिक सोरायसिस दिन असतो. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांत गुडघ्यांवर लेख येतात, दुसऱ्या दिवशी त्वचेवर. ज्यांची त्वचा आणि सांधे एकाच आजाराने धरले आहेत, त्यांच्याबद्दल दोन्ही दिवशी फारसे कोणी लिहीत नाही. परिचर्या शिक्षणातही हेच चालते. मी अनेक वर्षे पाठ्यनिर्देशिका म्हणून नर्सिंगच्या मुलींना शिकवले. सोरायसिस त्वचेच्या घटकात आणि संधिवात हाडे-सांध्यांच्या घटकात येतो. दोन्हींच्या मधला सोरायटिक आर्थ्रायटिस एका ओळीत उरकला जातो. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून मुलीही तो वाचत नाहीत.

सोरायसिस असलेल्या साधारण पाचांपैकी एकाला पुढे हा सांध्यांचा आजार होतो. बहुतेकांत त्वचा आधी बिघडते आणि सांधे काही वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही. म्हणजे लक्ष कोणावर ठेवायचे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. तरीही निदान रखडते, आणि रखडण्याची किंमत मोठी आहे. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ साली दाखवून दिले, की लक्षणे सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञापर्यंत पोहोचायला सहा महिन्यांहून जास्त लागलेल्या रुग्णांत सांध्यांची हाडे कुरतडली जाण्याचे आणि हातपाय नीट न चालण्याचे प्रमाण अधिक होते. एकदा कुरतडलेले हाड पूर्ववत होत नाही. आपल्याकडे सहा महिने तर तेल लावण्यात, शेकण्यात आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांतच जातात.

माझ्या ओळखीच्या एका अंगणवाडी मदतनीस बाईंचे उदाहरण देते. डोक्यात वर्षानुवर्षे जाड कोंडा, म्हणजे खरे तर सोरायसिसच. मग सकाळी उठल्यावर टाच टेकवेना. मग पायाचे एक बोट मुळापासून टोकापर्यंत इतके सुजले, की जोडवे सोनाराकडून कापून काढावे लागले. कोणी म्हणाले चिकुनगुनियाचे राहिलेले दुखणे, कोणी म्हणाले युरिक ॲसिड. रक्ताची तपासणी झाली, आरए फॅक्टर (नेहमीच्या संधिवातासाठी बघतात तो रक्तातला घटक) निगेटिव्ह आला आणि ‘तुम्हाला संधिवात नाही’ असे सांगून त्यांना घरी पाठवले. सोरायटिक आर्थ्रायटिसमध्ये आरए फॅक्टर बहुधा निगेटिव्हच असतो, ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्याही कित्येकदा नॉर्मल येतात. कोंडा, टाच आणि बोट यांचा एकमेकांशी संबंध कोणी लावलाच नाही. पुढे हाताची दोन बोटे वाकडी झाली, तेव्हा कुठे त्या योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या. दरम्यान किती परिचारिकांनी त्यांचा रक्तदाब घेतला असेल, सुई लावली असेल!

म्हणूनच मी डॉक्टरांबद्दल न लिहिता नर्सबद्दल लिहिते आहे. रुग्णाचा हात हातात घेण्याची वेळ सर्वांत जास्त तिच्यावर येते. ऑक्सिजन मोजायला बोटाला क्लिप लावताना नख तिच्या डोळ्यांपुढे असते. त्या नखावर अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे आहेत का, नख खालच्या मांसापासून सुटले आहे का, हे बघायला क्षणही पुरतो. ही सोरायसिसची खूण असते, पण अशी नखे ‘बुरशी लागली’ किंवा ‘भांड्यांच्या साबणाने झाली’ म्हणून सोडून दिली जातात. शिवाय सोरायसिस लपतो. केसांत, कानामागे, बेंबीत, माकडहाडाजवळच्या घडीत. बायका डॉक्टरांपुढे जे दाखवत नाहीत ते सिस्टरला दाखवतात. अंग पुसताना, कपडे बदलताना ते तिला दिसतेही. दिसलेल्याचा अर्थ मात्र तिला कोणी शिकवलेला नसतो.

शिकवायला फार काही लागत नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेली ‘पेस्ट’ नावाची पाच प्रश्नांची चाचणी आहे आणि ती साध्या मराठीत सहज विचारता येते. कधी एखादा सांधा सुजला होता का? तुम्हाला संधिवात आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले का? हातापायाच्या नखांवर खड्डे पडलेत का? टाच दुखते का? काही लागले नसताना एखादे बोट पूर्ण सुजून दुखले होते का? सोरायसिसच्या रुग्णाने यांपैकी तीन किंवा अधिक प्रश्नांना ‘हो’ म्हटले, तर त्याला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचे. मी विद्यार्थिनींना आणखी दोन प्रश्न विचारायला लावत असे, कारण पाठीच्या कण्यापासून सुरू होणारा आजार या पाचांतून निसटू शकतो: पहाटे कंबरदुखीने जाग येते का, आणि उठल्यावर अंग मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो का? विश्रांतीने वाढणारे आणि हालचालीने कमी होणारे दुखणे हे झिजेच्या दुखण्यापेक्षा वेगळे असते, एवढे तरी प्रत्येक नर्सला ठाऊक हवे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दलही बोलायला हवे. आमच्या पुस्तकांतली चित्रे गोऱ्या कातडीची: गुलाबी-लाल चट्टा, वर चंदेरी पापुद्रे. आपल्या सावळ्या त्वचेवर तोच चट्टा जांभळट, तपकिरी किंवा करडा दिसतो. लाल रंग शोधणाऱ्या मुलीला तो दिसणार कसा? त्वचारोगाच्या ओपीडीतली ड्युटी ही मलमे वाटण्याची ड्युटी न राहता तिथे प्रत्येक विद्यार्थिनीने खऱ्या रुग्णांची नखे, टाचा आणि बोटे तपासून नोंद करावी. प्रात्यक्षिक परीक्षेत ते विचारले जावे. परीक्षेत आले की वर्गात येते, हा माझा अनुभव आहे.

गावपातळीवर तर पाया तयारच आहे. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे बघतात. संवेदना नसलेला चट्टा त्यांना ओळखता येतो. संवेदना शाबूत असलेला, जाड, पापुद्रे निघणारा चट्टा दिसला तर ‘सांधे दुखतात का?’ एवढे विचारून त्या माणसाला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवता येईल. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने सांधेदुखीची पाहणी सुरू झाली, तेव्हा प्रशिक्षित स्वयंसेवकांनीच दारोदार जाऊन माहिती घेतली होती. हे आपल्याच मातीत करून झालेले काम आहे.

निदानानंतरचे शिक्षण मला तितकेच निकडीचे वाटते. मेथोट्रेक्झेट हे या आजारात नेहमी दिले जाणारे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. गैरसमजाने रोज घेतले तर जिवावर बेतते. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, पण समजावून सांगते ती नर्स. वार ठरवावा, शक्यतो गावच्या आठवडी बाजाराचा, म्हणजे तो विसरला जात नाही. पाकिटावर तो वार मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि रुग्णाकडून एकदा वदवून घ्यावा. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी, हे दाखवून सांगावे. तोंड आले, ताप आला, दम लागू लागला तर पुढचा डोस न घेता दवाखाना गाठायचा. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, दारू टाळायची. मूल हवे असेल तर स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलायचे, कारण गर्भाला हे औषध घातक आहे. बायोलॉजिक म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या इंजेक्शनांआधी क्षयरोगाची तपासणी का करतात, हेही तिला सांगता आले पाहिजे. आणि आणखी एक: सांधेदुखीसाठी कोणाकडून घेतलेल्या पुड्या किंवा इंजेक्शने यांत स्टेरॉइड असू शकते. ते एकदम बंद झाले की सोरायसिस अंगभर उसळतो. म्हणून ‘आणखी कुठले औषध चालू आहे?’ हे रागावून नव्हे, मायेने विचारायला शिकवावे लागते.

नर्सवर आधीच कामाचा डोंगर आहे, रिकामी पदे भरली जात नाहीत, हे खरेच आहे, आणि ती पदे भरलीच पाहिजेत. पण हे प्रश्न रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता विचारून होतात. नर्सने निदान करावे असे मी म्हणत नाही. तिने केसपेपरवर ‘नखांवर खड्डे, टाचदुखी, सोरायसिस’ अशी नोंद करावी आणि डॉक्टरांनी ती नोंद वाचावी. यातला दुसरा भाग अनेक वॉर्डांत पहिल्यापेक्षा अवघड आहे, म्हणून हा पाठ वैद्यकीय आणि परिचर्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून द्यावा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने दाहक संधिवातात नर्सची भूमिका काय असावी याच्या शिफारशी २०१२ सालीच प्रसिद्ध केल्या आणि २०१८ साली त्या सुधारल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या आरोग्य सभेनेही २०१४ साली सोरायसिसवर ठराव केला आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांना माझी विनंती आहे, की हा विषय प्रात्यक्षिकात आणि सेवेतल्या परिचारिकांच्या निरंतर शिक्षणात घ्यावा. एएनएमच्या (गावपातळीवरच्या साहाय्यकारी परिचारिकांच्या अभ्यासक्रमाच्या) मुलींना आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्यातून वगळू नये. शिकवायला माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बोलावले तर आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पाठ्यनिर्देशिका, सातारा