स्टेपनी कुठाय, साहेब?

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे आलात तेव्हा ‘सर्व्हर डाऊन’ची कटकट कायमची मिटवतो, असा शब्द दिला होतात. टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो. परवा सोमवारी, दाखल्यांच्या शेवटच्या तारखेला, सकाळी १०:४० ला सर्व्हर गेला. आला रात्री.

पडद्यावर चक्र गरगरतंय, ओटीपी येतोय तो मुदत संपल्यावर, आणि दुकानात पंचवीस-तीस माणसं. नातीच्या दाखल्यासाठी वाडीवरून एसटीने आलेल्या एका आजींची ही तिसरी खेप. पैसे कापले गेले, पावती नाही. लोक शिव्या कुणाला देणार? समोर मीच होतो. एकाने कॉलर धरली. बायको म्हणते, हा धंदा बंद करून वडापावची गाडी टाका, तेलाला सर्व्हर लागत नाही.

माझ्या दहा बाय बाराच्या गाळ्यात इन्व्हर्टर आहे. नेटच्या दोन लाइनी आहेत, दोन कंपन्यांच्या, कारण रस्ता खणणारा जेसीबी एक तरी तोडतोच. माळ्यावर जादा प्रिंटर ठेवलाय. सगळं पतपेढीचं कर्ज काढून. बारावी नापास माणसाला जे कळतं ते तुमच्या सल्लागारांना कळू नये?

मदत केंद्रातला पोरगा म्हणाला, ‘बॅकअप सर्व्हर आहे की.’ कुठे? त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर! म्हणजे स्टेपनी आहे, पण तीही त्याच खिळ्यावरून गेलेली. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटरला बॅटरीची आग लागली आणि ७०९ यंत्रणा ठप्प झाल्या. कर्मचाऱ्यांच्या ८५८ टेराबाइट फायलींची दुसरी प्रतच नव्हती. ते कोरिया. आपली खोली तर मला बघायचीही भीती वाटते.

२४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार चार तास बंद पडला, तर देशभर बोंब झाली. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, खास सत्र ठेवून चालू व्यवहार दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रणेवर नेऊन दाखवले. ही रंगीत तालीम तुमच्या खात्यात शेवटची कधी झाली? शेअरवाल्यांचा तास महाग आणि आजींचा दिवस फुकट, असंच ना?

कागदावर ९९ टक्के ‘अपटाइम’, म्हणजे सर्व्हर चालू असण्याचा वेळ, असेल म्हणा. उरलेला एक टक्का वर्षाला ८७ तास ३६ मिनिटं होतो, आणि ते सगळे मुहूर्त काढून शेवटच्या तारखेलाच येतात. तालुक्यात माझ्यासारखी चाळीस तरी दुकानं असतील. दुकानामागे हजार रुपये धरा, चाळीस हजार एका दिवसात बुडाले. हिशेब अंदाजाचा आहे, तुमच्या अंदाजपत्रकाइतकाच.

पण यंत्राला तरी काय बोलायचं? इथे तलाठ्याकडे तीन गावं, डॉक्टर आठवड्यातून दोनदा, एसटी आली तर आली. एक आजारी पडला की काम बघायला दुसरा नाही. मग सर्व्हरलाच तेवढा जोडीदार कोण देणार? फीत मात्र दरवर्षी नवीन ॲपची कापायची.

दुसरं सेंटर दुसऱ्या शहरात हवं, दर तिमाहीला ते चालवून बघा, आणि सर्व्हर गेला की मुदत आपोआप वाढू द्या. एवढंच.

सध्या साइट रात्री दोननंतर बरी चालते. आजींचा धरून अकरा अर्ज राहिलेत. अलार्म लावलाय.

आपला,
एक दुकानदार