नसबंदीला पुरुषांचे वावडे का?

महोदय,

कुटुंब नियोजनाच्या शिबिरात रांग बायकांचीच का, हा प्रश्न शरीररचना पाहिली की आणखीच बोचतो. पुरुषाची शुक्रवाहिनी वृषणकोशाच्या कातडीखाली बोटाला लागते. बिनटाक्याच्या नसबंदीत तेवढ्याच जागी भूल देतात, बारीक छिद्रातून वाहिनी बांधून कापतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या अंडवाहिन्या मात्र ओटीपोटात खोल. तिथवर पोचायला पोट उघडा, नाहीतर दुर्बीण घाला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के!

‘मर्दानगी जाते’ हे मी नवऱ्यांपेक्षा सासूंच्याच तोंडून जास्त ऐकले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते, या वाहिनीशी त्याचा संबंधच नाही. वीर्यही येतच राहते, कारण त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीतून येतो. नसतात त्या फक्त शुक्रपेशी. त्याही लगेच संपत नाहीत. म्हणून तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचे असते. हे नीट सांगितले जात नाही आणि मधल्या काळात दिवस राहिले की संशय बायकोवर.

आशाताई घरी येतात तेव्हा नवरा हमखास अंगणात सटकतो. आरोग्य खात्याने या समुपदेशनासाठी पुरुष कर्मचारी गावोगावी पाठवावेत, तेही संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा